पुण्यात विद्यापीठातून जर्मन शिकण्यासाठी : पात्रता, कागदपत्रे आणि पुढचा उपयोग

सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाचा परकीय भाषा विभाग फर्ग्युसन रस्त्यावर, रानडे इन्स्टिट्यूटच्या आवारात आहे. तेथील अर्धवेळ जर्मन अभ्यासक्रम प्रमाणपत्रापासून सुरू होतात आणि पदविकेच्या पायऱ्यांनी वर जातात, त्यापुढे एम. ए. करता येते. प्रमाणपत्र अभ्यासक्रमासाठी बारावी उत्तीर्ण असावे लागते, जर्मनची पूर्वओळख लागत नाही, आणि वर्ग अर्धवेळ असल्याने अभियांत्रिकी, वाणिज्य किंवा इतर शाखेची पदवी सांभाळूनही ते करता येतात. वरच्या वर्गासाठी आधीची पायरी उत्तीर्ण असणे आवश्यक असते. अर्जाच्या तारखा आणि शुल्क दरवर्षी नव्याने जाहीर होत असल्याने त्यासाठी चालू वर्षाची प्रवेश सूचनाच प्रमाण मानावी.

कागदपत्रांत सामान्यतः दहावी व बारावीच्या गुणपत्रिका, शाळा किंवा महाविद्यालय सोडल्याचा दाखला, आधार कार्ड आणि छायाचित्रे येतात. राखीव प्रवर्गातील अर्जदारांना जातीचा दाखला, तर शिक्षणात खंड पडलेल्यांना त्याबाबतचे प्रतिज्ञापत्र जोडावे लागू शकते. ज्यांचा मूळ दाखला आधीच दुसऱ्या महाविद्यालयात जमा आहे, त्यांनी तेथून बोनाफाईड प्रमाणपत्र घेऊन ठेवावे.

नावाकडे मात्र पहिल्याच दिवशी लक्ष द्यावे. राज्य मंडळाच्या गुणपत्रिकेवर आडनाव, स्वतःचे नाव आणि वडिलांचे नाव एकापाठोपाठ असते, आईचे नाव वेगळ्या ओळीत असते; पासपोर्टात आडनाव आणि नाव यांचे रकाने स्वतंत्र असतात. गुणपत्रिकेत वडिलांचे नाव आहे आणि पासपोर्टात नाही, किंवा इंग्रजी स्पेलिंगमध्ये एका अक्षराचा फरक आहे, अशी तफावत पुढे जर्मनीतील अर्जात खुलासे मागते, म्हणून ती आत्ताच दुरुस्त करून घेणे शहाणपणाचे आहे.

विद्यापीठातील शिक्षणाचा खरा लाभ त्याच्या संथपणात आहे, असे मला मनापासून वाटते. व्याकरण, वाचन, लेखन आणि भाषांतर यांना येथे वेळ मिळतो, आणि अध्यापनाकडे किंवा भाषांतराकडे वळणाऱ्यांना तो पाया अन्यत्र सहजी मिळत नाही. चाकणला फोक्सवॅगन आणि मर्सिडीज-बेंझ यांचे कारखाने आहेत. तांत्रिक पदवीला जर्मनची जोड असलेल्या तरुणाला या पट्ट्यात ती उपयोगी पडते.

जर्मनीत शिकायला जाणाऱ्यांनी एक गोष्ट वेगळी समजून घ्यावी. तेथील विद्यापीठे भाषेच्या पुराव्यासाठी प्रामुख्याने ग्योथे संस्थेच्या किंवा टेस्टडाफसारख्या मान्यताप्राप्त परीक्षा पाहतात, त्यामुळे पुणे विद्यापीठाच्या पदविकेबरोबर मॅक्स म्यूलर भवनातील, म्हणजे ग्योथे संस्थेच्या भारतातील केंद्रातील, परीक्षाही द्यावी. बी १ या मध्यम पातळीच्या परीक्षेला (ए १ ते सी २ अशा सहा पातळ्यांपैकी तिसरी) वाचन, श्रवण, लेखन आणि संभाषण असे चार स्वतंत्र भाग असून प्रत्येकात १०० पैकी ६० गुण लागतात. एखादा भाग राहिला तर तेवढाच पुन्हा देता येतो.

त्याशिवाय १ नोव्हेंबर २०२२ पासून विद्यार्थी व्हिसासाठी एपीएस प्रमाणपत्र, म्हणजे शैक्षणिक कागदपत्रे खरी असल्याचा जर्मन पडताळणी केंद्राचा दाखला, अनिवार्य झाले आहे. त्याचे शुल्क १८,००० रुपये असून पासपोर्ट आणि दहावीपासूनच्या गुणपत्रिका तेथे तपासल्या जातात. ही पडताळणी वेळखाऊ असल्याने जर्मन विद्यापीठात अर्ज करण्याच्या कितीतरी आधी ती सुरू करावी. खर्चाची तरतूद दाखवण्यासाठी सामान्यतः ब्लॉक्ड अकाउंट, म्हणजे आधी पैसे भरून दरमहा ठरावीक रक्कमच काढता येणारे खाते, उघडावे लागते. त्यात सप्टेंबर २०२४ पासून वर्षाला ११,९०४ युरो, म्हणजे दरमहा ९९२ युरो, ही रक्कम धरली जाते. बहुतेक सरकारी विद्यापीठे शिक्षण शुल्क घेत नाहीत, पण बाडेन-व्युर्टेंबर्ग राज्यात युरोपीय संघाबाहेरील विद्यार्थ्यांना दर सत्राला १,५०० युरो भरावे लागतात. शिक्षण चालू असताना वर्षाला १४० पूर्ण दिवस काम करण्याची मुभा आहे, आणि दुकानात, उपाहारगृहात वा कार्यालयात ते काम मिळवताना पुण्यात पक्की केलेली जर्मन थेट कामी येते.