कोर्बान

प्राचीन यहुदी धर्मात वेदीवर वाहिल्या जाणाऱ्या अर्पणांची हिब्रू संज्ञा. ‘क-र-ब’ म्हणजे जवळ येणे, या धातूपासून ती बनली आहे. ‘बळी’ म्हटले की मनात येणारा वधाचा अर्थ तिच्यात मुळात नाही. सपीठ, तेल व धूप यांचे अन्नार्पण (मिन्हा) हेही कोर्बानच. त्यातला मूठभर भाग याजक (पुरोहित) वेदीवर जाळी. मीठ आवश्यक; खमीर व मध वर्ज्य. पक्ष्यांचीही ऐपत नसलेल्याला पापार्पणाऐवजी एफाचा (धान्याचे एक माप) दहावा भाग सपीठ चाले.

सर्वाधिक वाद आहे तो ‘हत्तात’ या अर्पणप्रकाराविषयी. ‘हेत’ म्हणजे पाप, म्हणून ‘पापार्पण’ हे भाषांतर रूढ झाले. परंतु हिब्रू बायबलातील लेवीय या ग्रंथाच्या बाराव्या अध्यायात ते बाळंतिणीलाही सांगितले आहे, आणि बाळंतपण हे काही पाप नव्हे. व्रताची मुदत पूर्ण करणाऱ्या नाजीरालाही (ईश्वराला वाहून घेतलेला व्रतस्थ) ते लागू आहे. बायबलचे अभ्यासक याकोब मिलग्रोम यांनी म्हणून ‘हित्ते’ (शुद्ध करणे) या क्रियारूपाकडे बोट दाखवून ‘शुद्धीकरणार्पण’ असा अर्थ लावला. या विधीतले रक्त अर्पण करणाऱ्याला लावत नाहीत. याजक ते बोटाने वेदीच्या शिंगांना लावतो. धुतले जाते ते पवित्रस्थान. माणसांच्या अपराधांचा मळ तेथे साचत राहिला, तर ईश्वराचा वास तेथून उठतो, अशी ही कल्पना. पशू माणसाऐवजी मरतो, हे यहुदी भाष्यकार नाहमानिदीस (तेरावे शतक) यांच्या भाष्यातले विवेचन भक्तिदृष्ट्या हृद्य आहे. विधीच्या तपशिलांशी मात्र मिलग्रोम यांचा अर्थ अधिक जुळतो.

हे विधी सांगणाऱ्या याजकीय संहितेचा (बायबलातील याजकपरंपरेचा भाग) काळ बायबल-अभ्यासक वेलहाउझेन यांनी बाबिलोनी निर्वासनाच्या (इ.स.पू. सहाव्या शतकात यहुद्यांना बाबिलोनात नेले गेले तो काळ) सुमारास वा नंतरचा धरला. दुसरे अभ्यासक काउफमान यांनी त्यापूर्वीचा. संहितेत जुने विधी असावेत, इतपत म्हणता येते.

‘मला यज्ञ नव्हे, दया हवी’ हे बायबलातील संदेष्टा होशेय याचे वचन (6:6) विधीला नकार मानावे की नीतीशिवाय केलेल्या विधीला, याविषयी मतभेद आहेत. दुसरा अर्थ अधिक ग्राह्य वाटतो. मध्ययुगीन यहुदी तत्त्वज्ञ मैमोनिदीस यांच्या मते मूर्तिपूजेच्या सवयीतून लोकांना हळूहळू सोडवण्यासाठी ईश्वराने यज्ञ राहू दिले. नाहमानिदीस यांनी हे मत कठोर शब्दांत खोडले.

इ.स. 70 मध्ये रोमनांनी यरुशलेमचे मंदिर पाडले. तेव्हा शोक करणाऱ्या यहोशुआ या शिष्याला धर्मपंडित योहानान बेन झक्काई यांनी होशेयचेच वचन ऐकवून परोपकार हेही तितकेच प्रभावी प्रायश्चित्त असल्याचे सांगितले, अशी परंपरा आहे. दुपारच्या प्रार्थनेला आजही ‘मिन्हा’ म्हणतात. कोकणातील बेने इस्राएलांच्या पोहे-खोबऱ्याच्या मलिद्याचा संबंधही काही अभ्यासक मंदिरातील अर्पणांशी जोडतात.