विषाला बुजलेला उंदीर

शेतात झिंक फॉस्फाईड वापरून उंदीर मारायचे असतील तर पहिल्या दिवशी विष घालून चालत नाही. आधी बांधावरची सगळी बिळं चिखलानं लिंपून टाकायची. दुसऱ्या दिवशी जी पुन्हा उकरलेली दिसतील ती जिवंत बिळं. त्यांच्यापाशी दोन-तीन दिवस नुसतंच आमिष ठेवायचं, म्हणजे भरडलेलं धान्य आणि त्यावर थोडं खायचं तेल. उंदीर निर्धास्तपणे खायला लागले की मग त्याच आमिषात विष कालवायचं. एवढी काळजी घेऊनही काही उंदीर थोडंसंच खातात, आजारी पडतात आणि वाचतात. असे वाचलेले उंदीर त्या आमिषाला पुन्हा तोंड लावत नाहीत. ते बुजतात. मग ब्रोमॅडिओलोनसारखं, ज्याचा परिणाम काही दिवसांनी दिसतो असं विष वापरावं लागतं.

या बुजण्यात एक अवघड प्रश्न दडलेला आहे. उंदरानं दाणे खाल्ले एका वेळी, पोटात कालवाकालव झाली बऱ्याच वेळानं. मधल्या काळात तो बिळात शिरला, इतर उंदरांना भेटला, माती उकरली, आवाज ऐकले. तरी त्याला नेमकं कसं कळलं की दोष दाण्यांचा होता? हा प्रश्न नीट विचारला जाण्याआधी प्राणी कसे शिकतात याविषयीचं मानसशास्त्र पन्नासहून अधिक वर्षं एका वेगळ्याच गृहीतकावर उभं राहिलं होतं.

त्याची सुरुवात सेंट पीटर्सबर्गमध्ये झाली. इव्हान पाव्हलोव मानसशास्त्रज्ञ नव्हता, आणि तसं म्हटलेलं त्याला आवडलंही नसतं. तो शरीरक्रियाशास्त्रज्ञ होता. 1904 सालचं नोबेल पारितोषिक त्याला मिळालं ते पचनसंस्थेवरच्या कामासाठी. कुत्र्यांवर नाजूक शस्त्रक्रिया करून त्यांचे पाचकरस शरीराबाहेर गोळा करायची पद्धत त्यानं बसवली होती. कुत्री जिवंत, धडधाकट राहायची आणि वर्षानुवर्षं प्रयोगात वापरली जायची. त्यांचा जठररस अपचनावरचं औषध म्हणून विकून प्रयोगशाळेचा काही खर्चही निघत असे.

या कामात एक गोष्ट सतत आड येई. अन्न तोंडात पडायच्या आधीच कुत्र्यांना लाळ सुटायची. अन्न आणणारा माणूस दिसला, त्याच्या पायांचा आवाज आला, तरी पुरे. पचनाचं मोजमाप करणाऱ्याच्या दृष्टीनं ही अडचणच होती. पाव्हलोवचं मोठेपण हे की त्यानं त्या अडचणीलाच अभ्यासाचा विषय केलं आणि पुढची तीसेक वर्षं त्याला वाहून घेतलं. घंटा वाजली आणि कुत्र्याला लाळ सुटली, एवढीच त्याची ओळख शिल्लक राहिली आहे, ही मला खंत वाटते. त्याच्या प्रयोगशाळेत ताल मोजणाऱ्या मेट्रोनोमची टिकटिक होती, बझर होते, दिवे होते, त्वचेला होणारे स्पर्श होते. खुणेनंतर अन्न देणं थांबवलं तर लाळ हळूहळू कशी आटते, काही काळानं ती आपोआप पुन्हा कशी उमटते, एका खुणेसाठी शिकलेला प्रतिसाद तिच्यासारख्या दुसऱ्या खुणेला कसा मिळतो, हे सगळं त्यानं आणि त्याच्या सहकाऱ्यांनी लाळेचे थेंब मोजून दाखवलं. 1924 च्या सप्टेंबरात लेनिनग्राडला, म्हणजे नाव बदललेल्या सेंट पीटर्सबर्गलाच, पूर आला, पिंजऱ्यांत पाणी शिरलं आणि कुत्र्यांना अगदी शेवटच्या क्षणी वाचवण्यात आलं. त्यानंतर काही कुत्र्यांचे शिकवलेले प्रतिसाद नाहीसे झाले. पाव्हलोवनं त्याचाही अभ्यास केला.

आपल्याकडच्या पाठ्यपुस्तकांत याला अभिजात अभिसंधान म्हणतात. त्यातलं एक विधान पुढे फार महत्त्वाचं ठरलं. पाव्हलोवचं म्हणणं असं की निसर्गातली कोणतीही घटना निवडा, तिला खूण बनवता येतं. आवाज असो, रंग असो की वास, अन्नाशी जोडा आणि काम होईल. जोडणी मात्र लगेच व्हायला हवी. मधे फार वेळ गेला तर प्राणी ती शिकत नाही.

अमेरिकेत त्याच सुमारास एडवर्ड थॉर्नडाइक वेगळ्या वाटेनं चालला होता. हार्वर्डला असताना त्यानं कोंबडीच्या पिल्लांवर प्रयोग केले होते आणि ती पिल्लं विल्यम जेम्सच्या घराच्या तळघरात ठेवली होती. पुढे कोलंबिया विद्यापीठात त्यानं भुकेल्या मांजरांना लाकडी खोक्यांत कोंडलं. कळ दाबली किंवा दोरी ओढली की दार उघडायचं आणि बाहेर मासा. मांजर एकदम ‘समजून’ बाहेर पडत नाही, धडपडत धडपडत तिचा वेळ कमी होत जातो, असं त्यानं 1898 च्या प्रबंधात दाखवलं. प्रयत्न-प्रमाद पद्धत आणि परिणामाचा नियम या दोन्हींचं मूळ इथं आहे. ज्या कृतीनंतर समाधान मिळतं ती पुन्हा घडते, ज्या कृतीनंतर त्रास होतो ती टळते.

जॉन वॉटसननं 1913 साली मनाचा, जाणिवेचा विषयच मानसशास्त्रातून काढून टाका असं जाहीर केलं. 1920 साली त्यानं आणि रोझाली रेनरनं एका तान्ह्या मुलाला पांढऱ्या उंदराची भीती शिकवली. उंदीर समोर आला की मुलाच्या मागे लोखंडी सळईवर हातोडा मारायचा. ती भीती घालवण्याचा प्रयत्न मात्र त्यांनी केला नाही. एवढ्या लहान मुलाला रडवून मिळवलेलं ज्ञान मला कधीच अभिमानानं सांगता येणार नाही.

त्यानंतरचं मोठं नाव बी. एफ. स्किनरचं. त्यानं पेटी बनवली, तरफ बसवली, उंदरानं तरफ दाबली की अन्नाची गोळी पडायची. गोळ्या तो स्वतः हातानं करी. एका शनिवारी दुपारी त्याच्या लक्षात आलं की साठा सोमवारी सकाळीच संपेल. म्हणून प्रत्येक दाबण्याला गोळी द्यायची सोडून त्यानं मिनिटाला एकच द्यायला सुरुवात केली. उंदीर दाबतच राहिले. अधूनमधून मिळणाऱ्या बक्षिसानं सवय जास्त चिवट होते, हा साधक अभिसंधानातला, म्हणजे कृतीला बक्षीस देऊन शिकवण्यातला, महत्त्वाचा शोध या गोळ्यांच्या टंचाईतून पुढे आला.

स्किनरच्या हाताखाली शिकलेल्या केलर आणि मेरियन ब्रेलँड या जोडप्यानं हे तंत्र प्रयोगशाळेबाहेर काढलं. जाहिरातींसाठी, जत्रांसाठी, प्रदर्शनांसाठी प्राणी शिकवण्याचा व्यवसायच त्यांनी उभारला. 38 जातींचे 6,000 हून अधिक प्राणी त्यांच्या हाताखालून गेले. इतका अनुभव कुठल्याच प्राध्यापकाकडे नव्हता. म्हणून 1961 साली त्यांनी लिहिलेला कबुलीवजा लेख मोलाचा आहे. रॅकूनला नाणं उचलून डब्यात टाकायला शिकवलं होतं. एका नाण्यापर्यंत ठीक चाललं. दोन नाणी दिल्यावर तो ती एकमेकांवर घासत बसायचा, डब्यात बुडवून पुन्हा बाहेर काढायचा, मिनिटामागून मिनिटं. डुकरं लाकडी नाणं बँकेत टाकायच्या वाटेवर ते खाली टाकून नाकाडानं उकरायची. अन्न हातचं जायचं, तरी ही खोड सुटत नव्हती. रॅकून खाण्याची वस्तू हातांत चोळतो, डुक्कर अन्नासाठी जमीन उकरतं. बक्षिसानं शिकवलेली कृती हळूहळू त्या उपजत कृतीकडे घसरत होती. प्राणी शिकायला येतो तो कोऱ्या पाटीनं येत नाही, हे ब्रेलँड यांनी स्वतःच्या धंद्यातल्या अपयशातून सांगितलं.

आता पुन्हा आमिषाकडे. उंदीर बुजतात हे उंदीर मारणाऱ्यांना पूर्वीपासून ठाऊक होतं. दुसऱ्या महायुद्धात धान्याचे साठे वाचवण्यासाठी ऑक्सफर्डच्या चार्ल्स एल्टन यांच्या गटानं ब्रिटनमध्ये त्याचा पद्धतशीर अभ्यास केला आणि आधी बिनविषारी आमिष देण्याची रीत पक्की केली. पण हे ज्ञान कीडनियंत्रणवाल्यांचं. शिकण्याचा सिद्धांत मांडणाऱ्यांनी त्याकडे वळून पाहिलं नाही.

पाहिलं ते जॉन गार्सिया या मानसशास्त्रज्ञानं. 1917 साली कॅलिफोर्नियात स्पॅनिश स्थलांतरितांच्या घरी त्याचा जन्म झाला. 1950 च्या दशकात तो सॅन फ्रान्सिस्कोच्या हंटर्स पॉइंट इथल्या नौदलाच्या किरणोत्सर्ग प्रयोगशाळेत काम करत होता. उंदरांना सौम्य किरणोत्सर्गात ठेवायचं आणि परिणाम पाहायचा. त्याच्या लक्षात आलं की किरणोत्सर्गाच्या कक्षात उंदीर दिवसेंदिवस पाणी कमी पितात, स्वतःच्या पिंजऱ्यात मात्र नेहमीसारखं पितात. कक्षातल्या बाटल्या प्लास्टिकच्या होत्या, पिंजऱ्यातल्या काचेच्या. प्लास्टिकची किंचित चव पाण्याला लागत होती, आणि किरणांनी होणारी मळमळ उंदीर त्या चवीशी जोडत होते. 1955 साली सॅकरिनच्या गोड पाण्यावर त्यानं आणि सहकाऱ्यांनी हे सिद्ध केलं.

खरा घाव 1966 चा. गार्सिया आणि रॉबर्ट कोलिंग यांनी उंदरांना गोड पाणी दिलं, आणि उंदरानं नळीला जीभ लावली की दिवा लुकलुके आणि खटका वाजे. म्हणजे चव, उजेड आणि आवाज एकाच घोटात. काही उंदरांना त्यानंतर विजेचा झटका दिला, काहींना आजारी पाडलं. मग चव वेगळी आणि उजेड-आवाज वेगळे करून पाहिलं. आजारी पडलेल्यांनी गोड पाणी टाळलं, पण लुकलुकणारं-खटखटणारं साधं पाणी खुशाल प्यायलं. झटका बसलेल्यांचं नेमकं उलट झालं. पोटाच्या दुखण्याचा दोष उंदीर चवीवर ठेवतो, कातडीच्या दुखण्याचा डोळ्यांना-कानांना जाणवलेल्या गोष्टीवर. कोणतीही खूण कशाशीही जोडता येते, हे सूत्र इथं मोडलं. त्याच वर्षीच्या दुसऱ्या कामात चव आणि आजार यांच्यात तासाभराचं अंतर असूनही, अगदी थोड्या अनुभवांत उंदीर शिकले. ‘लगेच’चा नियमही ढासळला.

नामवंत नियतकालिकांनी हे लेख परत पाठवले. असे निष्कर्ष निघणं म्हणजे लाकडी पक्ष्याच्या घड्याळात पक्ष्याची विष्ठा सापडणं, असं एका नावाजलेल्या संशोधकानं म्हटल्याची गोष्ट अजून सांगितली जाते. गार्सियाला मान मिळायला वेळ लागला. 1983 मध्ये तो अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीवर निवडला गेला. मला या विरोधाचं कारण निव्वळ मत्सर वाटत नाही. पेटी, तरफ आणि झटका यांच्यावर आयुष्य घालवलेल्या माणसाला मळमळ हे मोजमापाचं साधन वाटतच नव्हतं.

उंदराला उलटी करता येत नाही. एकदा गिळलेलं त्याला बाहेर टाकता येत नसल्यामुळे नव्या अन्नाची थोडीच चव घेणं आणि बाधलं तर ती चव कायमची लक्षात ठेवणं, यावर त्याचं जगणं अवलंबून आहे. 1971 साली उंदरांना आणि लावा पक्ष्यांना आंबट आणि निळं पाणी पाजून आजारी पाडलं, तेव्हा आणखी एक गोष्ट दिसली. उंदरांनी आंबट चव टाळली, लाव्यांनी प्रामुख्यानं निळा रंग. दाणे डोळ्यांनी टिपणाऱ्या पक्ष्यासाठी रंगच खरी ओळख.

या बाबतीत माणूस उंदराच्या जवळचा आहे. लग्नातली बासुंदी खाऊन रात्री उलट्या झाल्या की वर्षानुवर्षं बासुंदीचा वास नको होतो. बाधलं ते ताप येण्यामुळे, बासुंदीचा दोष नव्हता, हे पक्कं ठाऊक असलं तरी नको होतो. केमोथेरपीच्या रुग्णांना हा त्रास फार होतो. सिअ‍ॅटलमध्ये आयलीन बर्नस्टीन यांनी 1978 साली दाखवलं की उपचाराच्या आधी वेगळ्या चवीचं आइस्क्रीम खाल्लेली कर्करोगग्रस्त मुलं पुढे तेच आइस्क्रीम नाकारतात. आधीच खाणं तुटलेल्या मुलाला आवडीचं अन्नही नकोसं होणं, हे आईबापांनी किती सोसायचं.

त्यावरचा उपाय उंदरांच्या प्रयोगांतूनच सापडला. आजारपण नव्या, ठळक चवीला जास्त चिकटतं. म्हणून बर्नस्टीन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जेवण आणि औषध यांच्यामध्ये मुलांना वेगळ्याच चवीची खाऊची गोळी चघळायला दिली. नंतर ज्या मुलांना ही गोळी मिळाली होती, ती त्या जेवणातले पदार्थ इतरांपेक्षा जास्त सहज खाऊ शकली. दोष गोळीनं स्वतःवर घेतला होता.