अर्बुद (शब्दोत्पत्ती व अर्थ)
शरीरातील अनैसर्गिक वाढीचे शास्त्रीय नाव. गोव्यातील मराठी घरांत हा शब्द क्वचितच कानी पडतो; तेथे गाठ, ट्यूमर आणि कॅन्सर हेच शब्द चालतात.

‘अर्बुद’ची व्युत्पत्ती वादग्रस्त आहे. ऋग्वेदात इंद्राने पायाखाली तुडवलेल्या शत्रूचे हे नाव आहे. पुढे ते संख्यावाचक होते. जुन्या गणनेत एक कोटी, नंतरच्या गणनेत दहा कोटी. अबूचा पर्वतही अर्बुदच. व्याकरणपरंपरा ‘अर्ब्’ (जाणे) हा धातू पुढे करते. प्राचीन निरुक्तकार यास्क संख्यावाचक अर्बुदाचा संबंध मेघाशी लावतो: बरसणारा मेघ जसा मोठा व विपुल होतो, तसे अर्बुद. बौद्ध गर्भविचारात कलल, म्हणजे गर्भाची पहिली अवस्था, त्यानंतरची अवस्था म्हणजे अर्बुद. हे सारे प्रयोग एकत्र पाहता ‘फुगत जाणारा गोळा’ हा अर्थ धातूपेक्षा अधिक पटतो. ‘ऑन्कॉलॉजी’ (कर्करोगशास्त्र) या नावामागील ग्रीक ‘ओन्कोस’ म्हणजेही राशी, भार. दोन शब्दांत नाते मात्र नाही, केवळ अर्थसाम्य आहे.

सुश्रुतसंहितेच्या (संकलन अनेक शतकांचे, काळाविषयी मतभेद) निदानस्थानात (रोगनिदानाच्या विभागात) अर्बुद गोल, स्थिर, मंद वेदनेचे, खोल मुळाचे, सावकाश वाढणारे व न पिकणारे म्हटले आहे. मुठीच्या प्रहाराने होणारे मांसार्बुद दगडासारखे कठीण व न हलणारे असते. या वर्णनावरून प्रत्येक अर्बुद म्हणजे आजचा कर्करोग असे समीकरण मांडणे धोक्याचे आहे. नाव आकाराला दिलेले आहे, रोगाच्या स्वभावाला नव्हे.

‘कर्करोग’ हे पाश्चात्त्य नावाचे भाषांतर. प्राचीन ग्रीक वैद्य हिपोक्रॅटिसच्या नावावरील ग्रंथांतील ‘कार्किनोस’ म्हणजे खेकडा. लॅटिनमध्ये त्याचे ‘कॅन्सर’ झाले. दुसऱ्या शतकातील ग्रीक वैद्य गॅलेनच्या मते स्तनातील गाठीभोवती फुगलेल्या शिरा खेकड्याच्या पायांसारख्या दिसतात. सातव्या शतकातील ग्रीक वैद्य ईजायनाचा पॉल दुसरे मतही नोंदवतो: खेकडा धरलेले सोडत नाही, तशीच ही गाठ. म्हापशाच्या बाजारात दोऱ्याने बांधलेली कुर्ली ज्याने पाहिली आहे, त्याला गोल कवच आणि बाजूंना फाकलेले पाय पाहून गॅलेनचे म्हणणे लगेच उमगेल. तेच मत अधिक ग्राह्य वाटते.

गोव्यात तिसरा प्रवाह पोर्तुगीजचा. 1842 मध्ये स्थापन झालेल्या पणजीच्या वैद्यकीय विद्यालयात शिक्षणाची भाषा पोर्तुगीज होती. त्या भाषेत कर्करोगाला ‘कांक्रु’ म्हणतात. पण ‘कांक्रु मोल’ म्हणजे संसर्गातून होणारा मऊ व्रण. जुने कागद वाचणाऱ्याने हा भेद विसरू नये. नाहीतर एखाद्या पूर्वजाच्या माथी नसलेला रोग मारला जाईल.

‘गाठ’ हा संस्कृत ग्रंथि, प्राकृत गंठि यांवरून आलेला शब्द. दोरीची गाठ, माणसांची गाठभेट आणि मानेवर हाताला लागणारी गाठ, तिन्हींना तो एकच. ‘साधी गाठ’ असे डॉक्टरांनी म्हटले की घरचे सुटकेचा श्वास टाकतात. साधी की मारक हे मात्र शब्द सांगत नाही, तपासणी सांगते. ‘चामखीळ’मध्ये सुश्रुताचे चर्मकील, म्हणजे कातडीत ठोकलेली खीळ, जवळजवळ जसेच्या तसे टिकले आहे. मूळव्याधीचा ‘मोड’ स्वयंपाकघरातला: मुगागाठीसाठी (मोड आलेल्या मुगाची गोव्यातील आमटी) भिजवलेल्या मुगाला फुटतो, तोच.