सयामी मांजराचे कान काळे का?

सयामी मांजरीला पांढरीफटक पिल्लं झाली की घरचे चक्रावतात. मग ‘बोका गावठी असणार’ अशी कुजबुज सुरू होते. दुसरा गोंधळ नसबंदीनंतर होतो. ऑपरेशनसाठी कुशीवरचे केस भादरलेले असतात आणि त्या जागी नवे केस गडद तपकिरी उगवतात. कुणी औषधाला दोष देतं, कुणी मीठ-मोहऱ्यांनी दृष्ट काढतं. मांजर मात्र ठणठणीत असतं. या दोन्ही गोष्टी एकाच रेणूमुळे घडतात, आणि जीवशास्त्रात इतका सुंदर रेणू मला क्वचितच भेटला आहे.

ही जात थायलंडची, म्हणजे जुन्या सयामची. तिथल्या मांजरांवरच्या पारंपरिक पोथ्यांमध्ये ती ‘विचियनमाट’ नावाने येते. १८७१ साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमधल्या मांजरांच्या प्रदर्शनात ती दिसली आणि पुढे जगभर गेली. सडपातळ अंग, निळे डोळे, फिकट धड, आणि तोंड, कान, पंजे, शेपटी तेवढी गडद.

केसांना काळा-तपकिरी रंग मेलॅनिन या रंगद्रव्यामुळे येतो. टायरोसिन या अमिनो आम्लापासून आधी डोपा, मग डोपाक्विनोन आणि पुढे मेलॅनिन तयार होतं. सुरुवातीच्या पायऱ्या टायरोसिनेज नावाचं एन्झाइम, म्हणजे रासायनिक क्रिया घडवून आणणारं प्रथिन, पार पाडतं. हाच तो रेणू. सयामीमध्ये या एन्झाइमच्या अमिनो आम्लांच्या साखळीत ३०२व्या जागी ग्लायसीनऐवजी आर्जिनीन बसलेलं असतं. ग्लायसीन हे सगळ्यात लहान अमिनो आम्ल; आर्जिनीन चांगलंच मोठं आणि धन प्रभार असलेलं. त्यामुळे प्रथिनाची घडी कमकुवत होते. थंडाव्यात ती टिकते, उबेत बिघडते. आणि घडी बिघडली की एन्झाइम निकामी.

मांजराच्या शरीराचं तापमान साधारण ३८.५ अंश सेल्सिअस. धडाची त्वचा उबदार असते, म्हणून तिथे मेलॅनिन जेमतेम बनतं. कान पातळ, शेपटी लांब, पंजे हृदयापासून दूर. हे भाग काही अंशांनी थंड असतात, तिथे एन्झाइम चालतं. नराच्या वृषणांवरचे केसही याच कारणाने गडद. मांजराच्या अंगावर हा तापमानाचा नकाशाच उमटलेला असतो.

आईच्या पोटात सगळीकडे सारखीच ऊब असते, म्हणून पिल्लं पांढरी जन्मतात आणि काही आठवड्यांत कडा गडद होऊ लागतात. भादरलेल्या जागेवर केसांचं पांघरूण नसतं, त्वचा गार पडते, म्हणून नवा केस गडद येतो. उगवून आलेला केस मृत असतो, त्याचा रंग पुढे बदलत नाही. तो झडून पुन्हा उगवला की जुना फिकट रंग परततो. वय वाढलं की धडही गडद होत जातं. त्यात आजार शोधू नये.

डोळ्यांची गोष्ट याहून खोल आहे. बुबुळात रंगद्रव्य नगण्य, म्हणून ती निळी दिसतात. पण गर्भातच, जेव्हा डोळ्यांपासून मेंदूकडे तंतू निघतात, तेव्हा दृष्टिपटलामागच्या थरात मेलॅनिन पुरेसं नसतं. एरवी दृष्टिपटलाच्या बाहेरच्या बाजूचे तंतू मेंदूच्या आपल्याच बाजूच्या अर्धगोलात जातात. सयामीत त्यांतले बरेच पलीकडे ओलांडून जातात. १९६९ साली संशोधक आर. डब्ल्यू. गिलरी यांनी ही चुकीची जोडणी दाखवली. जुन्या सयामी मांजरांचा तिरळेपणा त्याच्याशीच जोडलेला. निवडक पैदाशीने तो कमी झाला, आतली जोडणी मात्र तशीच राहिली.

काही सयामी मांजरांच्या शेपटीचा मुरडलेला शेंडाही मणक्यांच्या आनुवंशिक घडणीमुळे असतो. राजकन्येच्या अंगठ्या शेपटीवर ठेवल्याने तो आला, ही दंतकथा.

‘कान काळे म्हणजे अस्सल सयामी’ हा विक्रेत्यांचा दावा मानू नका. या रंगाचं जनुक अप्रभावी आहे, आई आणि बाप दोघांकडून आलेल्या दोन्ही प्रती लागतात, आणि तेच जनुक लांब केसांच्या हिमालयन मांजरांतही आहे. रंगावरून एक जनुक कळतं, वंशावळ कळत नाही. रंग गडद व्हावा म्हणून पिल्लाला एसीत गारठवणं तर सरळ क्रूरपणा आहे.

निगा सोपी आहे. आखूड केसांना आठवड्यातून एकदा ब्रश पुरतो. पण ही जात बोलकी आणि माणसांना चिकटणारी. दिवसभर घर बंद ठेवून जाणाऱ्यांनी ती पाळू नये, किंवा जोडीने पाळावी. या जातीत दृष्टिपटल हळूहळू खराब होण्याचा एक आनुवंशिक आजार आढळतो, त्याची जनुकचाचणी होते. पिल्लू घेण्याआधी त्याच्या आईबापांचा अहवाल मागावा. आणि आपल्याकडचा दूधभात किंवा दूधपोळी हा मांजराचा आहार नव्हे. मांजराला टॉरिन हे आवश्यक पोषकद्रव्य स्वतःच्या शरीरात पुरेसं बनवता येत नाही, ते निसर्गतः मांस-मासळीतूनच मिळतं. ते कमी पडलं तर हृदयाचे स्नायू दुबळे होतात आणि धडधाकट डोळेही कायमचे जाऊ शकतात. शाकाहारी घरात सयामी आणायची असेल, तर निदान टॉरिन असलेलं तयार कॅट-फूड रोज द्यायची तयारी आधी हवी.