दुर्बिणीतून दिसलं म्हणजे गोळी झाडावी?

अमेरिकेत हरणांच्या शिकारीचा हंगाम आला की एक सल्ला हमखास फिरतो: ‘रायफलवरची दुर्बीण प्रकाश वाढवते. तिच्यातून हरीण दिसतंय तोवर गोळी झाडायला हरकत नाही.’

साधी काचेची दुर्बीण प्रकाश तयार करत नाही. ती प्रतिमा मोठी करते, म्हणून अंधुक उजेडातही बारकावे जास्त कळतात. त्यामुळे ती प्रकाश वाढवते असा समज होणं अगदी स्वाभाविक आहे. पुढच्या भिंगाच्या व्यासाला, प्रतिमा जितक्या पट मोठी दिसते त्या आकड्याने भागलं की डोळ्याकडे येणाऱ्या झोताची रुंदी मिळते. ४० मिमीचं भिंग ४ पटीवर १० मिमीचा झोत देतं, ९ पटीवर जेमतेम ४.४. अंधारात तरुण डोळ्याची बाहुली साधारण ७ मिमीपर्यंत उघडते, त्यामुळे ९ पटीवर चित्र काळवंडतं. रायफलला न जोडलेली झूम दुर्बीण सूर्यास्तानंतर आभाळाकडे हातभर लांब धरा. पट वाढवत गेलं की भिंगातली उजळ चकती लहान होताना दिसेल.

आणि चित्र उजळ असलं तरी ‘हरीण दिसलं’ एवढं पुरत नाही. गोळी जिथे लागायला हवी ती हरणाच्या खांद्यामागची नेमकी जागा दिसते का? मागे काय आहे? संधिप्रकाशात डोळ्याला रंग नीट कळेनासे होतात, त्यामुळे दुसऱ्या शिकाऱ्याचं भगवं जाकीटही झाडीत हरवतं. यातलं एकही उत्तर अडखळलं तर गोळी झाडू नये.

शिकारीच्या कायदेशीर वेळेची मर्यादाही दुर्बीण ठरवत नाही. बऱ्याच राज्यांत ती सूर्योदयापूर्वी अर्धा तास ते सूर्यास्तानंतर अर्धा तास असते, काही ठिकाणी वेगळी. आपल्या राज्याची शिकार नियमावली आणि शिकारीच्या ठिकाणची सूर्यास्ताची वेळ निघण्याआधीच पाहून ठेवा.