जुन्या गाडीचा एसी, नवा गॅस आणि मराठवाड्याचं ऊन

१९९०च्या दशकाच्या सुरुवातीची गाडी जीव लावून सांभाळणारे लोक जालना-परभणीकडे आजही भेटतात. उन्हाळा तोंडावर आला की ते गॅरेजात जातात आणि म्हणतात, "मिस्तरी, एसीत गॅस टाकून द्या." पण त्या गाडीतला मूळ गॅस होता आर-१२, आणि तो आता टाकता येत नाही. त्यात क्लोरीन आहे. गळून तो वर स्थितांबरात, म्हणजे ओझोनचा थर असतो तिथे, पोचला की अतिनील किरणांनी फुटतो, आणि सुटलेला क्लोरीनचा एकेक अणू ओझोनचे हजारो रेणू मोडतो. मोलिना आणि रोलंड या शास्त्रज्ञांनी हे १९७४ साली मांडलं, १९८५ मध्ये अंटार्क्टिकावरचं ओझोनचं छिद्र जगासमोर आलं आणि १९८७ मध्ये असे गॅस हटवण्यासाठी माँट्रियल करार झाला. त्या करारानुसार २०१०पासून भारतासारख्या देशांतही हा गॅस बंद झाला.

त्याच्या जागी आला आर-१३४ए. यात क्लोरीन नाही, त्यामुळे ओझोनला धक्का नाही. बहुतेकांना वाटतं, जुना काढला, नवा भरला, झालं काम. थंड हवेच्या गावात ते कदाचित खपूनही जाईल. आपल्याकडे खपत नाही, आणि त्याचं कारण दोन्ही गॅसांच्या दाबात आहे.

शून्य अंशाला आर-१२चा दाब साधारण ३.१ बार (दाब मोजायचं एकक) असतो, आर-१३४एचा २.९. म्हणजे नव्याचा थोडा कमीच. तापमान वाढत जातं तसा हिशोब उलटतो. साठ अंशाला आर-१२ सुमारे १५ बारवर असतो, तर आर-१३४ए १७च्या आसपास जातो. आता साठ अंश कुठून आले? गाडीच्या नाकावर, रेडिएटरच्या पुढे कंडेन्सर असतो. आतून शोषलेली उष्णता तिथे बाहेरच्या हवेला द्यायची असते, आणि त्यासाठी गॅस हवेपेक्षा बराच गरम असावा लागतो. मे महिन्यात परभणीची हवाच ४३ अंशांवर, खाली तापलेलं डांबर. गाडी रेल्वे फाटकात उभी राहिली की समोरून येणारा वाराही थांबतो. मग दाब चढत जातो, गॅस दाबून फिरवणारा कॉम्प्रेसर कण्हायला लागतो, आणि तेवढ्यात आतली हवा कोमट होते. मिस्तरी गेज लावतो, गॅसवर संशय घेतो. दोष खरं तर कंडेन्सरचा असतो.

जुन्या कंडेन्सरात एकच लांब नळी नागमोडी फिरवलेली असते. नव्या पॅरलल फ्लो कंडेन्सरात गॅस कितीतरी चपट्या नळ्यांतून एकाच वेळी वाहतो, त्यामुळे तेवढ्याच जागेत उष्णता जास्त सुटते. माझं स्पष्ट मत आहे, मराठवाड्यात गॅस बदलताना कंडेन्सर बदलावा आणि त्यावर चांगला इलेक्ट्रिक पंखा बसवावा. सोबत हाय प्रेशरला कॉम्प्रेसर बंद करणारा स्विचही हवाच.

दुसरी गोष्ट ऑइलची. कॉम्प्रेसरचं ऑइल गॅसबरोबरच सगळीकडे फिरतं. आर-१२सोबतचं मिनरल ऑइल आर-१३४एत विरघळत नाही, ते कूलिंग कॉइलमध्ये अडकून बसतं आणि कॉम्प्रेसर कोरडा पडून जाम होतो. म्हणून जुनं ऑइल काढून एस्टर ऑइल घालतात, मागे राहिलेलं थोडं मिनरल ऑइल त्याला चालतं. काढलेलं ऑइल पांढऱ्या कापडावर ओतून बघा. काळं असेल आणि उन्हात त्यात चकचकीत कण दिसले, तर कॉम्प्रेसर आतून झिजलाय, त्यावर पुढचा खर्च करू नका. ओल शोषणारा ड्रायर आणि सांध्यांतल्या रबरी ओ-रिंगाही नव्या गॅसला चालणाऱ्याच हव्यात.

मग व्हॅक्यूम. यात फक्त हवा ओढायची नसते, ओलही घालवायची असते. दाब पुरेसा उतरला की आतलं पाणी साध्या तापमानालाच उकळून वाफ होऊन निघतं, त्याला वेळ लागतो. पंप अर्धा-पाऊण तास चालू द्यावा, बंद केल्यावर गेजचा काटा जागचा हलला नाही पाहिजे. राहिलेली ओल गॅसचा दाब उतरवणाऱ्या अरुंद एक्स्पान्शन व्हॉल्व्हमध्ये बर्फ धरते, शिवाय आम्ल तयार करते.

गॅस वजनावर भरायचा, मूळ आर-१२च्या साधारण ८० ते ९० टक्के. कूलिंग वाढेल म्हणून "थोडा अजून" टाकला तर दाब वाढतो आणि कूलिंग उलट कमी होतं.

स्वस्तात पडतो म्हणून काही ठिकाणी प्रोपेन-ब्युटेनचं मिश्रण भरतात. कूलिंग कॉइल डॅशबोर्डच्या मागे, म्हणजे माणसं बसतात तिथेच असते. तिथे ज्वलनशील गॅस गळू लागला तर काय होईल, याचा विचार करून ते ठाम नाकारा.

आणि आत उरलेला आर-१२ व्हॉल्व्ह उघडून हवेत सोडू देऊ नका. शंभर वर्षांच्या हिशोबाने त्याचा एक किलो सुमारे १०,९०० किलो कार्बन डायऑक्साइडएवढी उष्णता अडवतो, आर-१३४एचा १,४३० किलोएवढी. गॅस ओढून टाकीत साठवणारं रिकव्हरी मशीन असलेलं गॅरेज बीड-हिंगोलीत सापडलं नाही, तर त्या एका कामासाठी छत्रपती संभाजीनगर गाठावं.