मड खेळताना स्क्रीन अडकते तेव्हा
आमच्या ब्रॉडबँड ग्राहकांसाठी माहितीपत्रक

१९७८ साली एसेक्स विद्यापीठात रॉय ट्रबशॉने सुरू केलेला आणि रिचर्ड बार्टलने पुढे वाढवलेला ‘मड’ (मल्टी-यूझर डंजन) हा अनेकांनी मिळून ऑनलाइन खेळायचा खेळ निव्वळ मजकुरावर चालायचा. आजचे मडही तसेच आहेत. मग एवढासा मजकूर अडकतो का, असं ग्राहक विचारतात. आधीच सांगतो: मोठा प्लॅन घेऊन हे सुटत नाही, त्यासाठी पैसे वाढवू नका.

मड टीसीपीवर चालतो, म्हणजे पाठवलेलं सगळं क्रमाने पोहोचवणाऱ्या इंटरनेटच्या पद्धतीवर. वाटेत पॅकेट (माहितीचा छोटा तुकडा) गळालं तर ते पुन्हा पाठवलं जातं आणि तोवर मागून आलेला मजकूर रोखून धरला जातो. फाइल डाउनलोड होताना पॅकेटांची रांग सलग असते, त्यामुळे मधलं एक गायब झाल्याचं पाठवणाऱ्याला लगेच कळतं. मडमध्ये एक ओळ आली की शांतता. मागून काही येत नसल्याने टायमर संपेपर्यंत थांबावं लागतं आणि पुन्हा पाठवलेलंही गळालं तर थांबण्याचा वेळ दुप्पट होतो. म्हणून काही सेकंद स्क्रीन गोठते आणि मग अख्ख्या लढाईचा मजकूर एकदम कोसळतो.

अशा वेळी तीच आज्ञा पुन्हा टाइप करू नका. जोडणी टिकून असेल तर चार वेळा दिलेलं ‘नॉर्थ’ (उत्तरेला जा) चारही वेळा पोहोचतं आणि तुमचं पात्र चार खोल्या पुढे, नको त्या राक्षसासमोर जाऊन उभं राहतं.

जीव वाचवण्याची व्यवस्था सर्व्हरवरच ठेवा. बऱ्याच मडमध्ये ‘विंपी’ ही सोय असते: ताकद ठरावीक आकड्याखाली गेली की पात्र आपोआप पळतं. मडलेट किंवा मशक्लायंट या मड खेळायच्या प्रोग्रॅममधला ट्रिगर (ठरावीक मजकूर दिसताच आपोआप आज्ञा देणारी सोय) इथे कामाचा नाही, कारण मजकूर पोहोचल्याशिवाय तो चालतच नाही.

गळती कुठे आहे ते आधी घरात बघा. राउटरला शंभर पिंग (उत्तर येतं का ते तपासणारी छोटी पॅकेटं) द्या. तिथेच काही गळत असतील तर दोष बहुधा वायफायचा, विशेषतः गजबजलेल्या इमारतीत २.४ गिगाहर्ट्झवर. केबल लावून पुन्हा तपासा. घरात सगळं ठीक असेल तर खेळाच्या सर्व्हरपर्यंत पाथपिंग (वाटेतल्या प्रत्येक टप्प्यावरची गळती दाखवणारी विंडोजमधली आज्ञा) चालवा. मधल्या एखाद्या टप्प्यावर गळती दिसली तरी शेवटचा टप्पा स्वच्छ असेल तर काळजी नको. बरेच राउटर पिंगला उत्तर देणं मुद्दाम मागे ठेवतात.

सर्व्हर अमेरिकेत असेल आणि तुम्ही रोज खेळत असाल, तर तिकडेच एक छोटं लिनक्स मशीन भाड्याने घ्या. त्यावर टीमक्समध्ये (तुम्ही बाहेर पडलात तरी प्रोग्रॅम चालू ठेवणारं साधन) टिनटिन++ हा मड खेळायचा प्रोग्रॅम चालू ठेवा आणि घरून मॉश या दूरच्या मशीनला जोडणाऱ्या प्रोग्रॅमने जोडा. मॉश टीसीपीऐवजी यूडीपी ही गळालेलं पॅकेट स्वतःहून पुन्हा न पाठवणारी पद्धत वापरतो. जुन्या पॅकेटसाठी तो अडून बसत नाही, स्क्रीनची ताजी स्थिती दाखवतो. घरची लाइन गेली तरी पात्र खेळात जोडलेलं राहतं आणि वर सरकून गेलेल्या ओळी टीमक्समध्ये वाचता येतात. आमच्या मते सगळ्यात चांगला उपाय हाच.

तक्रार करताना केबलवर घेतलेला पाथपिंगचा निकाल, वेळ आणि सर्व्हरचं नाव पाठवा. गळती आमच्या लाइनवर असेल तर ती आम्ही दुरुस्त करू; पुढे असेल तर हाच निकाल घेऊन आम्ही वरच्या कंपनीकडे (जिच्याकडून आम्ही इंटरनेट घेतो) जाऊ.